पात्रता पैशाची की शहाणपणाची?

परवा न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. स्वारी खुशीत होती. "काका, मी आता 'अॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर' झालो!" जणू विद्यापीठाने पदवीच बहाल केली होती. आता मित्राच्या नव्या कंपनीचे, नोंदणी न झालेले शेअर्स त्याला घेता येणार होते.

या बिरुदाची कथा मोठी मासलेवाईक आहे. अमेरिकेचा शेअर बाजार १९२९ साली कोसळला आणि १९३३ साली कायदा झाला. लोकांना रोखे विकायचे, तर आधी नोंदणी करा, कंपनीची माहिती उघड करा. मात्र जे स्वतःचे हित स्वतः सांभाळू शकतात, त्यांना या संरक्षणाची गरज नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली म्हटले.

आता असा शहाणा ओळखायचा कसा? १९८२ साली नियामकांनी सोपी मोजपट्टी काढली. सलग दोन वर्षे दोन लाख डॉलरहून अधिक उत्पन्न आणि यंदाही तेवढ्याची खात्री, किंवा दहा लाख डॉलरहून अधिक मालमत्ता. २०१० साली त्या मालमत्तेतून राहते घर वगळले. पण आकडे तेच राहिले. दरम्यान तिथले भाव तिपटीहून अधिक वाढले आणि कोणी न पाडताही कुंपण बुटके झाले.

हे कुंपण तुम्हाला किती कळते ते मोजत नाही; बुडाले तर किती सोसेल, एवढेच मोजते. २०२० साली काही व्यावसायिक परवाने असलेल्यांनाही प्रवेश मिळाला. मला तोच रस्ता योग्य वाटतो. तो आणखी रुंद व्हावा आणि पगाराच्या आकड्याला ज्ञानाचा दाखला समजणे थांबावे.

हे मी अनुभवाने सांगतो. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या एका कंपनीत मी पंधरा हजार रुपये घातले. मी बँकेत नोकरीला, आकडेमोड हातचा मळ! झाडे वाढली की नाही ठाऊक नाही. कंपनीच्या दाराला मात्र कुलूप लागले. मला हिशेब येत होता, प्रश्न विचारणे येत नव्हते.

पुतण्याला मी एवढेच विचारले, "अरे, मित्राच्या कंपनीचा ताळेबंद पाहिलास का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "मागतो, काका."