चारशे नाण्यांची टेकडी

‘प्रवासवर्णनात नीती आणू नका, तिथे निर्भेळ सौंदर्यच असू द्या,’ असे बजावणारा एक पंथ आपल्याकडे आहे. ‘नुसते सूर्यास्त काय कामाचे? त्यातून समाजाला काय मिळाले ते सांगा,’ असे दरडावणारा दुसराही आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद. कादंबरीच्या अंगणातून उठून तो प्रवासवर्णनाच्या ओसरीवर येऊन बसला आणि अजून उठायचे नाव घेत नाही. मला हे दोन्ही पंथ एकाच माळेचे मणी वाटतात. नीती म्हणजे लेखाच्या शेवटी मारावयाची गाठ, अशी दोघांचीही समजूत आहे. एकाला ती गाठ नको आहे, दुसऱ्याला ती हवी आहे, एवढाच काय तो फरक.

ही समजूत आम्ही मास्तरांनीच मुलांच्या डोक्यात भरवली, हेही सांगून टाकतो. सहलीवरचा निबंध तपासावयास घ्या. बस, डबा, धबधबा आणि शेवटी ‘निसर्ग हा आपला गुरू आहे.’ धबधबा कोणता, हे मुलाला आठवत नसते. गुरू मात्र न चुकता हजर असतो.

या वादाचा निवाडा मी चीनमधून आणणार आहे. आपल्या ओळखीचा चिनी प्रवासी म्हणजे ह्युएनत्संग. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात येऊन गेला, त्याने पुलकेशीच्या पराक्रमाविषयी लिहिले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागा मिळाली. पण चिनी लेखक आपल्याच मुलखातल्या डोंगरनद्यांत हिंडून जे लिहीत, ते साहित्य आपल्याकडे फारसे पोचले नाही. त्याला तिकडे ‘योउ-जी’ म्हणतात. म्हणजे फिरल्याची नोंद. लेख दोनतीन पानांचे, लेखक बहुधा सरकारी अधिकारी, आणि त्यांतले पुष्कळसे राजाच्या मर्जीतून उतरून दूर कुठेतरी हाकलले गेलेले. मी ते भाषांतरांतून वाचले आणि आपल्या दोन्ही पंथांच्या हाती द्यावेत असे मला वाटले.

लिऊ त्सुंगयुआन (773–819) याचे उदाहरण घ्या. 805 साली राजधानीतल्या सुधारक गटाबरोबर तो बुडाला आणि दक्षिणेकडच्या युंगचौ या आडगावी नामधारी हुद्द्यावर फेकला गेला. पुढल्याच वर्षी तिथे त्याची आई वारली. दहा वर्षे त्याने तिथे काढली. त्या मुक्कामातल्या त्याच्या आठ नोंदी आजही या प्रकाराचा आदर्श मानल्या जातात. एका नोंदीत तो एक लहानशी टेकडी विकत घेतो. किंमत चारशे नाणी! मित्रांना घेऊन तो तिच्यावरचे रान साफ करतो, तेव्हा आतून सुंदर खडक, चांगली झाडे आणि बांबू वर येतात. मग तो म्हणतो की, हीच टेकडी राजधानीजवळ असती तर धनिकांनी तिच्यासाठी सोन्याच्या राशी ओतल्या असत्या. इथे मात्र शेतकरी आणि कोळी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. टाकून दिलेल्या टेकडीविषयी टाकून दिलेला माणूस बोलतो आहे, हे वाचकाला समजते. लिऊ ते उघड करून सांगत बसत नाही.

इथवर सौंदर्यवादी मंडळी खूश असतील. आता त्यांनी जवळच्याच एका डोहाची नोंद वाचावी. लिऊ तिथे वारंवार फिरावयास जाई, हे पाहून डोहाकाठचा एक रहिवासी एके दिवशी त्याच्या दारात येऊन उभा राहतो. सरकारी सारा आणि सावकाराचे कर्ज आता पेलवत नाही, डोहावरचे शेत विकून संकट थोडे पुढे ढकलावे म्हणतो, अशी त्याची विनवणी. लिऊ आनंदाने शेत घेतो. तिथला ओटा उंच करतो, कठडा लांबवतो, झऱ्याचे पाणी उंचावरून डोहात पाडतो. आपण कोजागरीला पाहतो तसा शरदातल्या पौर्णिमेचा चंद्र पाहावयास ही जागा फार नामी, असेही लिहितो. त्या माणसाचे पुढे काय झाले, याविषयी त्या लेखात अक्षर नाही.

सौंदर्यवाद्यांना मी विचारतो, ते कर्जाचे वाक्य काढून टाकावे काय? काढले तर चांदणे अधिक स्वच्छ दिसेल यात शंका नाही. पण ते चांदणे खोटे असेल. कारण ज्या ओट्यावरून ते पाहिले, तो ओटा एका माणसाच्या बुडण्यातून उभा राहिला आहे. आणि बोधवाद्यांना मी विचारतो, करांच्या निषेधाचा एक परिच्छेद तिथे घालावा काय? घातला असता तर वाचकाने मान डोलावून पान उलटले असते. लिऊ निषेध करीत नाही. आपण ते शेत आनंदाने घेतले असे लिहितो. तो ‘आनंदाने’ बाराशे वर्षांनंतरही घशात अडकतो. ती जमीन सोडून गेलेल्या माणसाची मला काळजी वाटते आणि त्याच वेळी ते चांदणे पाहावेसेही वाटते. या दोन्ही भावना एका दमात जाग्या करणे हे लेखकाचे खरे काम.

याच युंगचौमधल्या एका सापवाल्याची हकीकतही लिऊने लिहिली आहे. विषारी साप धरून द्यावयाचे आणि त्या बदल्यात कराची सूट घ्यावयाची, हा त्या घराचा धंदा. त्यात आजा मेला, बाप मेला, तरी नातू तेच करतो. कारण करापेक्षा साप परवडतो! ज्याने हा सापवाला पाहिला आणि ज्याने तो डोह पाहिला, ते डोळे एकाच माणसाचे होते. एक चष्मा निसर्गासाठी आणि दुसरा समाजासाठी, अशी सोय त्याच्याकडे नव्हती.

बोधवादी लगेच फान चुंगयेनचे (989–1052) नाव पुढे करतील. 1046 साली त्याने युएयांगच्या मनोऱ्यावर लिहिलेला लेख चिनी मुले आजही शाळेत शिकतात. सुखाच्या रांगेत राज्यकर्त्याने सर्वांत शेवटी उभे राहावे, हा त्याचा आशय. आशय थोर आहे, आणि माणूसही पोकळ बोलणारा नव्हता. आपल्या कुळातल्या गरिबांसाठी त्याने कायमची जमीन लावून दिली होती. पण लेख लिहिताना तो दूर तंगचौला नेमणुकीवर होता. मनोऱ्याची डागडुजी करणाऱ्या मित्राने गळ घातली, म्हणून त्याने तो लिहिला. त्यातले वादळ आणि त्यातले ऊन, दोन्ही सुरेख आहेत. पण ती कोणत्याही सरोवरावर चालतील अशी आहेत. तत्त्वचिंतन म्हणून मी त्याला नमस्कार करतो. प्रवासवर्णन म्हणून मला सू शि (1037–1101) अधिक जवळचा.

1084 साली सू शि मुलाला त्याच्या नेमणुकीच्या गावी पोचवावयास निघाला होता. वाटेत ‘दगडी घंटा’ नावाचा डोंगर लागला. हे नाव कसे पडले याविषयी जुन्या पंडितांची मते होती, पण सूला ती पटेनात. चांदण्या रात्री मुलाला घेऊन तो लहान होडीतून कड्याखाली गेला आणि कपारींत शिरणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाज त्याने स्वतः ऐकला. पुढे इतरांनी दाखवून दिले की डोंगर घंटेसारखा आतून पोकळही आहे; म्हणजे सूचे उत्तर अपुरे होते. तरी त्याची थोरवी कमी होत नाही. ऐकीव गोष्टीवर सही न करणे ही प्रवाशाची पहिली नीती, आणि तिच्यासाठी रात्रीच्या काळोखात थरकापही सोसावा लागतो.

सर्वांत अवघड साक्ष शू श्याकेची (1587–1641). तीस वर्षे तो चीनभर हिंडला. त्याच्या रोजनिशीच्या पहिल्या तारखेवरून, 19 मे या दिवशी, चीनमध्ये 2011 पासून पर्यटन दिन पाळतात. शेवटच्या मोठ्या प्रवासात त्याच्याबरोबरचा भिक्षू वारला. त्याच्या इच्छेखातर शूने त्याच्या अस्थी शेकडो मैल वाहून नेल्या आणि युन्नानातल्या चीत्सू पर्वतावर पुरल्या. हे वाचताना डोळे पाणावतात. पण याच माणसाने क्वांगशी प्रांतात सरकारी परवान्याच्या जोरावर गावोगावचे लोक वेठीला धरले आणि आपले ओझे त्यांच्या खांद्यावर दिले. हे आपल्याला कोणी शत्रूने सांगितलेले नाही. शूच्याच रोजनिशीत ते आहे. त्याला त्याची खंत होती असे दिसत नाही, आणि मी त्याला माफ करा असे म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, ते खांदे पानावर राहिले म्हणून आज चारशे वर्षांनी आपण त्याला जाब विचारू शकतो. जो लेखक फक्त शिखर रंगवतो, त्याला जाब विचारावयासही जागा उरत नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत आपण मुलांना घेऊन कुठेतरी जाल, आणि परतल्यावर मुलाला शाळेत निबंधही लिहावा लागेल. त्याला ‘निसर्ग हा गुरू’ लिहू देऊ नका, आणि धबधब्याला मोत्यांची उपमाही सुचवू नका. त्याला एवढेच विचारा: तू स्वतः काय पाहिलेस, आपले सामान वर कोणी नेले, आणि त्याला आपण किती पैसे दिले? त्याने आकडा खरा लिहिला, तर धबधब्यालाही तो खरा शब्द शोधील. ते वाक्य मला निबंधात सापडले, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.