उत्तर पाठ, गणित कच्चं

राक्षसभुवनची लढाई कधी झाली, असं बीडच्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा. पोरगं वहीतून मान वर न काढता सांगेल, 10 ऑगस्ट 1763. कोणाकोणात? थोरले माधवराव आणि निजाम. जिंकलं कोण? पेशवे. झालं, गुण पदरात पडला. मग विचारा, हे राक्षसभुवन आहे कुठं? परवा एकानं नगर जिल्हा ठोकून दिला, खर्ड्याच्या आसपास असेल या हिशेबानं. गडी स्वतः राक्षसभुवन ज्यात येतं त्याच गेवराई तालुक्यातला. आजीबरोबर शनीच्या दर्शनाला राक्षसभुवनला जाऊन आलेला. पण देवाचं राक्षसभुवन आणि नोट्समधलं राक्षसभुवन ही त्याच्या डोक्यात दोन वेगळी गावं होती.

त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात जे पुस्तक आहे त्यात या लढाईला एक ओळ आहे, आणि असल्या काही हजार ओळी त्याला पाठ करायच्या आहेत. पण ऑगस्ट महिना आहे, गोदावरी दुथडी भरून वाहतेय, निजामअलीची मुख्य फौज पलीकडच्या काठाला लागलीय आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या सैन्यासह अलीकडेच अडकलाय, हे चित्र एकदा कुणी सांगितलं तर? मराठ्यांनी नेमकी ही मागे राहिलेली फौज गाठली. विठ्ठल सुंदर पडला, आणि भरल्या नदीतून त्याच्या मदतीला यायला निजामाला वाट नव्हती. एवढं कळल्यावर महिना पाठ करावा लागत नाही. नदीला पूर कधी येतो हे गेवराईच्या पोराला कुणी शिकवायची गरज नाही.

आपला जिल्हा तसा सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांचा लाडका. मराठीतला आद्यग्रंथ कोणता? विवेकसिंधू; मुकुंदराज; अंबाजोगाई. मोरांचं अभयारण्य? पाटोदा तालुक्यातलं नायगाव. माजलगावचं धरण कोणत्या नदीवर? सिंदफणा. ज्योतिर्लिंग आणि औष्णिक वीज केंद्र एकाच गावात कुठं? परळी. उत्तरं सगळ्यांची चोख.

आणि एक हमखास प्रश्न: 'बीड पॅटर्न' कशाशी संबंधित आहे? पर्याय क्रमांक तीन, पीक विमा. बरोबर. याच प्रश्नावर मला जरा थांबायचंय, कारण सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि आकलन या तिन्ही विषयांचा सराव या एका उत्तरात भरून आहे आणि पोरं त्यावर गोल करून पुढं जातात.

झालं असं की, आपल्याकडं नुकसान इतकं ठरलेलं की बीडचा विमा घ्यायला कंपन्या पुढं येईनात. तेव्हा 2020 च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीला घेऊन सरकारनं एक वेगळं सूत्र इथं लावून पाहिलं. शेतकऱ्याचा, राज्याचा आणि केंद्राचा मिळून जो हप्ता जमेल, त्याच्या 110 टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीनं द्यायची. त्याच्यावर गेली तर वरचं ओझं राज्य सरकारचं. उलट भरपाई कमी निघाली, तर कंपनीनं हप्त्याच्या 20 टक्के स्वतःला ठेवायचे आणि उरलेलं राज्याला परत करायचं. म्हणून हे 80-110 चं सूत्र. पुढं 2022 मध्ये ते राज्यभर लागू झालं.

आता गणित. हप्ता जमला 100 कोटी. भरपाई द्यावी लागली 60 कोटी. सरकारला परत किती? घाईत पोरं 40 सांगतात. 20 कंपनीचे, 60 शेतकऱ्यांचे, उरले 20. दुसरं. भरपाई निघाली 130 कोटींची, तर राज्याच्या तिजोरीतून किती? 20. तिसरं जरा चावट आहे. भरपाई 90 कोटी निघाली तर कंपनीच्या हातात किती राहतात, आणि सरकारला किती परत जातात? दहा, आणि शून्य. आता चौथा प्रश्न विचारा, ज्याला पर्याय नसतात: दुष्काळ पडला नाही त्या वर्षी या सूत्रात फायदा कोणाचा, आणि शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काय पडतं? या प्रश्नावर अभ्यासिकेत अर्धा तास भांडण जुंपलं होतं. बऱ्याच दिवसांनी तिथं कुणी मोठ्यानं बोललं असेल.

अर्थात 'समजून घ्या, पाठ करू नका' असं घरबसल्या सांगायला माझं काय जातं? पोलीस भरतीच्या लेखीला 90 मिनिटांत 100 प्रश्न. एका प्रश्नाला 54 सेकंद. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. खुल्या गटाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. निकाल लागला तेव्हा 200 पैकी 214 गुण पडलेला उमेदवार यादीत निघाला. वेगवेगळ्या दिवशीच्या पेपरांची काठिण्यपातळी समान करण्याच्या सूत्रानं ते घडलं, असा खुलासा झाला. त्याआधी 2021 ला आरोग्य भरतीचा पेपर फुटला होता. अशा बाजारात पोरगं ट्रिक शोधणारच. पहाटे बायपासला 1600 मीटर पळून आलेल्या आणि ग्राउंडचे 50 पैकी किती पडतील या विवंचनेत असलेल्या मुलाला लढाईची गोष्ट ऐकायला वेळ नसतो. मलाही इजोटी येतं. ई पाचवं, जे दहावं, ओ पंधरावं, टी विसावं, वाय पंचविसावं. अक्षरमालेचे प्रश्न त्यानं पटापट सुटतात आणि त्यात वाईट काहीच नाही. अडचण पुढची आहे. सगळ्याच प्रश्नांना इजोटी असतं असा समज होतो, तेव्हा खरा घोळ होतो.

याची सुरुवात लवकर होते. गढीच्या नवोदय विद्यालयात सहावीच्या 80 जागा. त्यासाठी पाचवीतली लेकरं दोन तासांत 80 प्रश्न सोडवतात. त्यातले निम्मे मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे. बाकी अंकगणित आणि उताऱ्यावरचे प्रश्न. (देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाली. हेही विचारतात.) आकृत्यांच्या प्रश्नांत घडी घालून छिद्र पाडलेल्या कागदाचा एक प्रकार असतो: घडी उघडल्यावर छिद्रं कुठं दिसतील? शिकवणीत याच्या युक्त्या सांगतात. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी वेगळंच पाहिलं. गुरुजींनी जुनी वर्तमानपत्रं वाटली, चौघडी करायला लावली आणि कात्रीनं कोपरा उडवायच्या आधी प्रत्येकाला बोटानं दाखवायला सांगितलं, उघडल्यावर भोक कुठं येणार. मग कापून उघडायचं. पहिल्या वेळी बहुतेकांचं चुकलं आणि वर्गात हसाहशी झाली. एका मुलीनं मात्र कागद परत मिटला, पुन्हा उघडला, परत मिटला. तिला उत्तर नको होतं, कागद कसा वागतो ते बघायचं होतं. खाली कपच्यांचा ढीग झाला, तो पोरांनीच झाडून काढला.

बुद्धीच्या चाचण्यांचा मूळपुरुष आल्फ्रेड बिने. त्यानं 1905 मध्ये पॅरिसला पहिली चाचणी बांधली ती शाळेत मागं पडणाऱ्या मुलांना हुडकून मदत करण्यासाठी. बुद्धी जन्मतः मापून दिलेली असते हे त्याला मान्य नव्हतं. मुलांचं लक्ष आणि विचार सुधारावा म्हणून त्यानं व्यायामही सुचवले होते. पुढं धारवाडच्या वि. वि. कामतांनी या चाचणीला कानडी आणि मराठी मुलांसाठी रूप दिलं. मुलांना वर ओढायला निघालेलं साधन शेवटी मुलं गाळायची चाळणी झालं. दहा लाख अर्ज आल्यावर चाळणी लागतेच, म्हणा.

मोठ्यांच्या बुद्धिमत्तेत नातेसंबंधांचे प्रश्न मला फार आवडतात. फोटोतल्या बाईकडं बोट दाखवून एकजण म्हणतो, ही माझ्या आईच्या एकुलत्या एक भावाची मुलगी. तर ती त्याची कोण? उत्तरसूचीत मामेबहीण. आमच्याकडं मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "बायको!" हसण्यावारी नेतात, पण विचाराच्या दृष्टीनं ते पोरगं चुकलेलं नाही. दिलेल्या माहितीत बायको असण्याला कुठंच आडकाठी नाही. मामाची मुलगी करणं आपल्याकडं रीतच आहे. दिशांच्या प्रश्नांचंही तेच. पाच किलोमीटर उत्तरेला, मग उजवीकडं वळून तीन, ही आकृती काढताना गोंधळणारा मुलगा घरचं खरेदीखत कधी उघडत नाही. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस नाला, पश्चिमेस गावरस्ता: चतुःसीमेची ती चार वाक्यं वाचून कागदावर वावर मांडून बघावं. बांधाचा वादही कळेल आणि दिशाही.

वडवणीकडची एक मुलगी अभ्यासिकेत येते. आईवडील दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यावर ऊसतोडीला, ती आजीपाशी. काळ-काम-वेग तिला जमत नाही म्हणून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, तुझ्या घरचंच गणित मांड. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला 366 रुपये झाले. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून, दिवसाला दोन टन तोडला असं धर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल एक लाख. फिटायला किती दिवस? तिनं पेन उचलला. दिवसाला 732, म्हणजे 137 दिवस. आता गाळप शंभर दिवसांतच आटोपलं तर? 73,200 फिटले, 26,800 अंगावर. तिथं तिनं स्वतःच मला थांबवलं. "काका, खाडे धरले नाहीत तुम्ही." आजारपणानं पाच दिवस खाडा पडला तर 95 दिवसांचीच कमाई, 69,540, त्यातून मुकादम खाड्याला पाचशेप्रमाणे अडीच हजार कापणार, राहिले 67,040. पुढच्या हंगामावर 32,960 चढले. पुस्तकातल्या हौदाला दोन नळ भरतात आणि एक रिकामा करतो, ते गणित मग तिनं न विचारता सोडवलं. वर म्हणाली, खाडा म्हणजे निगेटिव्ह मार्किंगच की! दिवस गेला तो गेलाच, वरून आणखी कापलं. लोकसेवा आयोग निदान पाव गुणावर थांबतो.

राहिला उतारा, आणि सगळ्यात जास्त पोरं पडतात ती इथंच. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत 2013 पासून सीसॅट आलं. 80 प्रश्न, त्यातले पन्नासच्या आसपास उताऱ्यांवर. 2022 पासून त्यात 33 टक्के मिळवून नुसतं पास व्हायचं असतं, तेव्हापासून अभ्यासिकेत त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आधी प्रश्न वाच, मग उताऱ्यात तो शब्द शोध, सापडला की त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचल, ही पद्धत. समजा उताऱ्यात लिहिलंय, 'सोळाव्या शतकातल्या खजाना बावडीचं पाणी दुष्काळातही आटत नाही, अशी बीडकरांची श्रद्धा आहे.' खाली प्रश्न: लेखकाचं म्हणणं काय? शब्द शोधणारा 'बावडीचं पाणी दुष्काळातही आटत नाही' यावर गोल करून मोकळा होतो. लेखक तसं म्हणालेलाच नाही. तो लोकांची श्रद्धा सांगतोय. पाण्याबद्दल त्यानं तोंड उघडलेलं नाही.

हा फरक परीक्षेपुरता असता तर मी एवढी शाई घालवली नसती. जून 2017 मध्ये कर्जमाफी जाहीर झाली ती सरसकट, पण तत्त्वतः, आणि निकषांसह. गावोगाव पेढे वाटले ते 'सरसकट' वाचून. पुढं दीड लाखाची मर्यादा आली, ऑनलाइन अर्ज आले, आणि मग लोकांनी जाहीर झालेलं वाक्य परत वाचलं. पीक विम्याचं तसंच. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवा, असं साफ लिहिलेलं असायचं. आपण कळवायचो पंचनाम्याला कुणी येईल याची वाट पाहून चौथ्या दिवशी. घरात स्पर्धा परीक्षेचा पोरगा असतो, पण ते पत्रक त्याला कुणी वाचायला देत नाही, कारण तो 'अभ्यास करतोय'. माझं साधं म्हणणं आहे की ते पत्रक त्याच्यापुढं टाकावं, त्यावर त्यालाच पाच प्रश्न काढायला लावावेत, चार-चार पर्यायांसकट. फसवा पर्याय स्वतः तयार करायला लागला की दुसऱ्याचा फसवा पर्याय लांबून दिसायला लागतो. वडवणीच्या मुलीनं हे सुरू केलंय. शासन निर्णय, बँकेची नोटीस, वर्तमानपत्रातलं अग्रलेखाचं पान, मिळेल त्यावर ती प्रश्न काढते आणि शेजारच्या टेबलावर सरकवते. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटतो. एकानं सरळ विचारलं, हे परीक्षेत येणार आहे का?

येणार काय, येऊन बसलंय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. आधी 2023 पासूनच व्हायची होती. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली म्हणून दोन वर्षं पुढं गेली. आता गोल रंगवून भागत नाही, पानंच्या पानं लिहावी लागतात. आमच्या अभ्यासिकेत सध्या हात दुखतो ही मोठी तक्रार आहे. निबंधाचे वर्गही निघालेत, फी दणदणीत. तिथं पहिल्याच दिवशी पंचवीस तयार निबंध देतात आणि सांगतात, पाठ करून या.