गर्जेल तो पडेलच!

आवडता रंग कोणता, आवडतं फूल कोणतं, आवडता नट कोणता, हे आपल्याला लहानपणापासून सगळे विचारतात. आवडता ढग कोणता, असं मात्र मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. त्यामुळे उत्तर केव्हाचं तयार असूनही नुसतं पडून आहे. आज म्हटलं, कुणाची वाट कशाला बघायची? प्रश्नही आपणच काढावा आणि पेपरही आपणच सोडवावा. :)

तर मंडळी, माझा आवडता ढग म्हणजे वळवाचा. तोच तो, दुपारी तीन-चारला क्षितिजावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो आणि पाचपर्यंत अर्धं आभाळ व्यापतो. आणि नावडता? मळभ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच राखाडी रंगाचं, ना ऊन ना पाऊस.

आता यावर बरेच जण नाकं मुरडतील, याची कल्पना आहे. मी पुण्यात नोकरी करते आणि इथे मळभ आलं की ऑफिसात सण असतो. "काय मस्त हवा पडलीय!" असं म्हणत सगळे चहाला खाली उतरतात, कुणीतरी भज्यांचा विषय काढतं. वळवाचा ढग आला की मात्र "अरे देवा, आता ट्रॅफिक!" म्हणजे माझी आवड बहुमताच्या बरोबर उलटी. म्हणून जरा सविस्तर बाजू मांडावी म्हणते.

आधी थोडं नावांविषयी. सिरस, स्ट्रॅटस, क्युम्युलस ही नावं आपण शाळेत घोकली. ती १८०२ साली ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या माणसाने सुचवली. हा काही हवामानखात्यातला साहेब नव्हता, त्याचा धंदा औषधं बनवण्याचा. ढग बघायचा मात्र नाद होता. लॅटिनमध्ये सिरस म्हणजे कुरळी बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे थर आणि निंबस म्हणजे पावसाचा ढग. म्हणजे जी नावं आपल्याला इतकी भारदस्त वाटायची, ती मुळात अगदी घरगुती आहेत. आजही जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या ॲटलासमध्ये मुख्य प्रकार दहाच आहेत आणि त्यांची नावं मुख्यतः याच चार शब्दांच्या जुळवाजुळवीतून झाली आहेत. आपल्याकडे असं वर्गीकरण कुणी केलं नसेल, पण वळीव, मळभ, अवकाळी हे शब्द घ्या. ढग दिसतो कसा यापेक्षा तो कधी येतो आणि काय करून जातो, हे त्यात सांगितलेलं असतं. मला आपली ही पद्धत जास्त आवडते.

बाकीच्या ढगांशी माझं भांडण नाही. सिरस तर मला आवडतात. खूप उंचावरचे, बर्फाच्या कणांचे, पिंजलेल्या कापसाचा एखादा तंतू वाऱ्यावर ओढत न्यावा तसे. पांढरे शुभ्र क्युम्युलसही छान. ते हलके वाटतात, ही गंमतच आहे. एका घनमीटरात साधारण अर्धा ग्रॅम पाणी धरलं, तर किलोमीटरभर लांब, रुंद आणि उंच अशा ढगात पाचशे टन पाणी होतं! पाच टनांचा एक हत्ती धरला तर शंभर हत्ती झाले. थेंब अतिशय बारीक असतात आणि खालून वर येणारी हवा त्यांना सावरून धरते, म्हणून ते सगळं वर तरंगत राहतं.

आता वळीव. माझं आजोळ माण तालुक्यातलं. सातारा जिल्ह्याचा नकाशा काढून बघा. एकीकडे महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. दुसरीकडे दहिवडी, तिथे पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत मोजलं तर मध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही. जिल्हा एक, पालकमंत्री एक, पाऊस दहापट कमी! कारण आपण भूगोलात शिकलो तेच. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढते, चढताना थंड होते आणि तिथेच रिकामी होते. घाट उतरताना ती पुन्हा तापते आणि उरलेसुरले ढगही विरत जातात.

गंमत म्हणजे, जुलैमध्ये माणच्या आभाळात ढग नसतात असं नाही. भरपूर असतात. एकामागून एक, पश्चिमेकडून पूर्वेकडे, घाईघाईने. शहरातून गेलेल्या माणसाला वाटतं, आता येईल, मग येईल. मामा मान वरसुद्धा करत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "ह्ये वारकरी हायेत पोरी. पंढरीला निघाल्यात. आपल्यात मुक्काम न्हाई त्यांचा." दिशा अगदी बरोबर आहे, माणच्या पूर्वेला पंढरपूरच.

मग माणला पाऊस देतं कोण? मेमधला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. दोन्ही वेळी बहुतेक पाऊस गडगडाटी ढगांचाच. आणि तो ढग पाहुणा नसतो, तो तिथेच तयार होतो. जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर चढते, वर गेल्यावर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं, त्यातून आणखी उष्णता सुटते आणि ती हवेला अजून वर ढकलते. असं करत करत ढगाचा माथा कधीकधी पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. त्याच्यावर चढायला वाव नसतो, म्हणून तो तिथे आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. मग ते गार वारं, धूळ, पत्र्यांचा खडखडाट, आणि पाऊस. ज्या रानाने दिवसभर ऊन सोसलं, त्याच रानाच्या उष्णतेवर उभा राहिलेला ढग! मला तर तो घरचाच वाटतो.

म्हणूनच 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण मला साफ अमान्य आहे. माणसांच्या बाबतीत खरी असेल, ऑफिसात तर रोज पटते. पण ज्याने कुणी केली तो नक्की घाटावरच्या कोरड्या पट्ट्यातला नसणार. आमच्या आजोळी गर्जेल तोच पडतो. न गर्जणारे गुपचूप पंढरीला जातात. आता कधीतरी हवा इतकी कोरडी असते की गडगडणाऱ्या ढगाचं पाणीही जमिनीवर पोचण्याआधीच वाळून जातं, हे मान्य. पण नेम त्याच्यावरच धरावा लागतो.

कुणी म्हणेल, बाई, इतकं कौतुक चाललंय, पण विजा कोण पाडतं? गारपीट कोण करतं? बरोबर आहे. वीज पडून आपल्या देशात वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात आणि त्यात शेतात काम करणारी फार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर महाराष्ट्रात कुणीच विसरणार नाही. उभा गहू, हरभरा, द्राक्षबागा, सगळं झोपलं. ते ढगही याच जातीचे. थेंब उचलून वर नेणारी हवा फार जोरकस झाली की ते गोठतात, त्यांच्यावर थरावर थर चढतात आणि दगड होऊन खाली येतात.

मी हे नाकारत नाही. हा ढग दयाळू आहे, असं मला म्हणायचंच नाही. मला म्हणायचंय की तो सांगून येतो. लांबून दिसतो, आवाज देतो. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनाने भागायचं, तितके किलोमीटर तो लांब आहे. आता तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते फोनवर इशारा देतं. मामाकडे आहे. झाडाखाली थांबायचं नाही, हे तो आता सगळ्या गड्यांना ओरडून सांगतो. शिवाय या ढगासाठी तयारी करता येते. तो तासाभरात धो धो ओततो आणि पाणी ओढ्याने निघून जातं. म्हणून गावाने माळावर सलग समतल चर खणले, बांध घातले. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माणमध्ये जनावरं छावणीत न्यावी लागली होती. त्यानंतर मामाच्या बोलण्यात 'पाऊस पडला का' यापेक्षा 'चर भरलं का' हा प्रश्न जास्त असतो. तासाभराच्या ढगाचं पाणी वर्षभर पुरवायचं, असा तो हिशोब आहे.

मळभाचा असा हिशोब मांडताच येत नाही. वडिलांकडून मी कोकणातली. आत्या देवगडला दिलेली, तिच्या घरची हापूसची कलमं आहेत. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आलेला असतो, थंडी छान पडलेली असते, आणि अचानक आभाळ भरून येतं. कधी बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होतो, कधी दमट वारे वळतात. पाऊस पडेलच असं नाही, बहुधा पडतच नाही. पण ऊन नाही, हवा दमट. तुडतुड्यांना आणि भुरीला हेच हवं असतं. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि मोहोर जागच्या जागी काळवंडून गळतो. त्या दिवसांत आत्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "तीन दिस झाले, सूर्य दिसलो नाय गो." आणि मग फवारणीचा खर्च. एक झाली, आता दुसरी, मग तिसरी. फवारावं तर खर्च, न फवारावं तर मोहोर जाण्याची भीती.

हेच मळभ घाट चढून वर येतं, तेव्हा तासगावला माझा मावसभाऊ द्राक्षांवर डाऊनी येईल म्हणून बागेत हिंडत असतो, आणि मामाच्या ज्वारीवर चिकटा पडतो. आणि याच दिवशी आम्ही पुण्यात चहाचा कप हातात धरून "महाबळेश्वर झालंय नुसतं" म्हणत असतो.

मळभाचा मला राग येतो तो याचसाठी. गारपिटीने नुकसान झालं तर ते दिसतं. फोटो येतात, पंचनामे होतात, भरपाई तोकडी का होईना, तिची मागणी तरी करता येते. मळभाने चार दिवसांत जे नेलं, त्याचा पंचनामा कुणी कसा करायचा? "काय झालं?" "आभाळ होतं." इतकंच! आत्याचं एक वर्ष असं गेलं. एक थेंब पडला नाही, एक फांदी मोडली नाही, आणि मे महिन्यात पेट्या नेहमीच्या निम्म्यासुद्धा भरल्या नाहीत. बाहेरच्या माणसाला तिच्या बागेत काहीच घडलेलं दिसलं नसतं. पण त्या वर्षी तिने घराच्या कौलांचं काम पुढे ढकललं ते ढकललंच.

आता आषाढातलं आभाळही राखाडीच असतं, त्याचं काय? त्याला मी मळभ म्हणत नाही. तो ढग बरसतो, भात लावणीला पाणी देतो, धरणं भरतो. कालिदासाच्या यक्षाने निरोप द्यायला निवडला तोही आषाढातलाच मेघ. वळवाच्या ढगाकडे निरोप दिला असता तर तो तासाभरात तिथल्या तिथेच संपला असता. आणि मळभाकडे दिला असता तर ते अजून रामटेकवरच बसून राहिलं असतं. :)

असो. सांगायचा मुद्दा इतकाच की ढगाची आवड ही नुसती डोळ्यांची नसते. आपली माणसं कुठे कुठे आहेत आणि त्यांचं काय काय उघड्यावर आहे, यावर ती ठरते. माझी माणदेशात आणि देवगडात आहेत, म्हणून माझं उत्तर हे असं. तुमचं वेगळं असेल तर जरूर सांगा. फक्त पुढच्या वेळी "काय मस्त हवा पडलीय" म्हणण्याआधी महिना कोणता चाललाय, तेवढं एकदा बघा. डिसेंबर-जानेवारी असेल, तर गावाकडे एक फोन करा. भज्यांचं नंतर बघू.