गिअरबॉक्स 'गेला' म्हणजे नेमका कुठे गेला?

मंडळी, आज जरा चिडून लिहितो आहे, आणि विषय चक्क मोटारीचा आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि जन्मभर पोरांना समास-अलंकार शिकवलेल्या माणसाने गिअरबॉक्सवर का लिहावं, असं कुणी विचारील. विचारू द्या. ज्या वाक्याचा मला राग आहे त्या वाक्यात भाषेचाच घोटाळा आहे, म्हणून तो माझा विषय झाला. ते वाक्य म्हणजे, "गिअरबॉक्स गया आप्पा!"

गेला म्हणजे काय? माणूस गेला तरी डॉक्टर दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहून देतो. इथे चाळीस-पन्नास हजारांच्या पुढचा आकडा सांगतात आणि कारण विचारलं की, "ऑटोमॅटिकचं असंच असतं भो, आपल्याकडे चालत नाही ती." जळगाव असो की धुळं, हे उत्तर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की कुठल्या तरी पाठ्यपुस्तकात छापलं असावं असा संशय येतो.

आमचा भाचा धुळ्याला असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय गेला. (हा 'गेला' मात्र खरा, आणि त्याचं कारणही माहीत आहे.) क्लच दाबणं त्याला शक्य नाही. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं. ब्रेक आणि रेस, दोन्ही उजव्या पायाने. तेव्हा त्याची ही गाडी म्हणजे चैन नव्हे. एस.टी.ची पायरी चढायला दर वेळी कंडक्टरचा हात धरावा लागू नये, एवढ्यासाठी ती आहे. पैसे साठवून त्याने आठ वर्षं वापरलेली पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग थांबलेल्या गाडीत आरपीएमचा काटा झोपाळ्यासारखा वरखाली व्हायला लागला, कधी सहाशे, कधी बाराशे. 'डी'मध्ये टाकली की ढुसकन धक्का. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना झटका. एसी लावला की इंजिन बंद पडेल की काय अशी थरथर. धुळ्याहून आमच्याकडे जळगावला येताना एरंडोलला चहाला थांबला, तर गाडी पुन्हा 'डी'ला टाकताना शेजारी बसलेल्या सुनेने घाबरून डॅशबोर्ड धरला म्हणे.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. पी-०७०० कोड आलाय, गिअरबॉक्स बदला. आकडा गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर. दुसऱ्याने न विचारता प्लग बदलले, कॉइल बदलल्या, बिल दिलं, झटके तसेच. तिसरा म्हणाला, विकून टाका आणि साधी गिअरची घ्या. हे कुणाला सांगतोय याचं तरी भान ठेवावं की नाही?

आता त्या पी-०७००ची गोष्ट ऐका, कारण माझा खरा राग तिथे आहे. या कोडचा अर्थ गिअरबॉक्स खराब असा नाहीच. गिअरबॉक्सच्या संगणकाने इंजिनच्या संगणकाला कळवलंय की माझ्याकडे एक नोंद आहे, येऊन वाचा. एवढाच. वर्गशिक्षकाने हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवावी, "वर्गात गडबड आहे," आणि हेडमास्तरांनी वर्गात पाऊल न टाकता सगळ्या पोरांचे दाखले काढून हातात द्यावेत, तसा हा प्रकार. पुष्कळ स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचीच नोंद वाचतात, गिअरबॉक्सच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे नसते. बरं, भाच्याने स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यात पी-०७००च्या शेजारी आणखी दोन कोड होते. पी-०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. आणि पी-०५०७, म्हणजे आयडलिंग असायला हवं त्याहून वर. ते दोन कुणी वाचलेच नाहीत! इतिहासाच्या पेपरात पोरगं असं करतं तेव्हा आपण त्याला नापास करतो.

इंजिनला हवा मोजून मिळते. कुठे पाइपला चीर पडली की न मोजलेली हवा आत शिरते. संगणक ती सावरायला बघतो, काटा वर जातो, संगणक आवरतो, काटा खाली येतो, आणि हा झोपाळा चालू राहतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं, क्लचप्लेट नसते. गाडी उभी असतानाही इंजिन त्या तेलातून चाकांना हलकं ढकलत असतं. मग हजार-बाराशे आरपीएमवर 'डी' टाकला तर धक्का बसणार नाही तर काय होईल? चालत्या गाडीतही गिअर कधी आणि किती दाबाने बदलायचा हे गिअरबॉक्स इंजिनने सांगितलेल्या ओझ्यावरून ठरवतो. इंजिनच चुकीचं सांगत असेल तर तो बिचारा चुकीच्या दाबाने गिअर टाकतो. थोडक्यात कर्ता मोकळा सुटला आणि कर्माला फाशी दिली.

चौथा माणूस धुळ्यातच भेटला. वयस्क मिस्तरी, पत्र्याचं शेड, बोर्डसुद्धा नीट रंगवलेला नाही. त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिन सुरू करून नुसता ऐकत उभा राहिला. मग पाइपांवर पाण्याचा बारीक फवारा मारत गेला. एका जागी फवारा पडताच काटा हलला. तिथला रबरी व्हॅक्यूम पाइप कोपऱ्यात चिरलेला होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको; रबर पापडासारखं होतं. थ्रॉटल बॉडी काजळीने काळी. इंजिनचं एक फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरावर इंजिन बसतं ते, तुटलेलं, म्हणून थरथर दुप्पट. पाइप आणि फाउंडेशन बदललं, थ्रॉटल साफ केली, आणि मग संगणकाला आयडलिंग पुन्हा 'शिकवलं'. हे शिकवणं फार लोक विसरतात आणि साफ केल्यावर काटा आणखी बिघडला म्हणून बोंबलतात.

काटा साडेसातशेवर स्थिर झाला. 'डी'चा धक्का गेला. मग त्याने गिअरबॉक्सकडे पाहिलं. तेल मुळात लाल असतं, हे तपकिरी झालं होतं, पण जळकट वास नव्हता. ते उपसून मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच जातीचं भरलं, थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदललं. यंत्र लावून 'फ्लश' करायला त्याने साफ नकार दिला. थंडीत सकाळी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अजून किंचित जाणवतं. तेवढं राहील, असं तो स्वतःच म्हणाला, आणि त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

या तेलावरून आणखी एक. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं," असं पुष्कळ ठिकाणी छातीठोक सांगतात. कुणाचं लाइफ हो? गाडीचं, वॉरंटीचं, की पहिल्या मालकाचं? मॅन्युअलमध्ये बहुधा 'कठीण वापर' नावाचं वेगळं कोष्टक असतं: धूळ, प्रचंड ऊन, घाट, थांबत-थांबत चालवणं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणाऱ्या गाडीने ते कोष्टक नाही बघायचं तर कुणी बघायचं?

आणि सगळ्या ऑटोमॅटिक एकच नव्हेत. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी स्वस्त ऑटोमॅटिक आपल्याकडे आली, ती एएमटी. आत साधा गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेट, फक्त ती दाबायला यंत्राचा पाय. तिचा गिअर बदलताना जरा डुलकी घेतल्यासारखं होणारच, तो रोग नव्हे. सीव्हीटीचं तेल वेगळं, दुखणी वेगळी. गाडी कुठल्या जातीची हे न विचारता जो उपाय सांगतो त्याच्याकडून उठून यावं.

पण सगळा दोष मिस्तरींच्या माथी मारणार नाही. आपण कसे वागतो ते बघा. त्या वयस्क मिस्तरीने एक रात्र आणि एक सकाळ घालवून रोग शोधला, त्याचे सातशे रुपये सांगितले, तर आमचेच एक नातेवाईक (ते हा ब्लॉग वाचतात, वाचू देत!) म्हणाले, "नुसतं बघायचे सातशे?" दुसऱ्या गॅरेजने न लागणाऱ्या कॉइलचे कितीतरी पट घेतले तेव्हा हेच गृहस्थ गप्प होते, कारण हातात खोका मिळाला होता. डॉक्टरला तपासायची फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, मिस्तरीच्या डोक्याला मात्र किंमत नाही. मग तो पार्ट विकणार नाही तर काय करेल? त्याचं घर खोक्यांवर चालतं, कारण आपण खोक्यांचेच पैसे देतो.

विकणाऱ्यांबद्दलही थोडं. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आर.टी.ओ.चं अधिकारपत्र लागतं, गाडी ताब्यात घेतल्याची खबर द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण तो मालकीचा आणि कागदांचा. गाडीच्या पोटात काय आहे ते त्यात नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा धंदा करणाऱ्याविरुद्ध उपयोगी पडतो, पण शेजाऱ्याकडून परस्पर घेतलेल्या गाडीला त्याचा आधार नाही. तेव्हा घेतानाच पाहावं. विकण्याआधी स्कॅनरने कोड पुसून टाकणं हा जुना खेळ आहे. मात्र कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात, आणि स्कॅनरवर 'रेडीनेस' अपूर्ण दिसतो. म्हणजे एक तर बॅटरी नुकतीच काढली होती, नाही तर कुणीतरी पाटी नुकतीच पुसली. भाच्याच्या गाडीच्या वेळी हे बघायला बरोबर कुणी नव्हतं.

पाचोऱ्याच्या आमच्या मेव्हण्यांनी परवा फोन केला. गुडघे दुखतात म्हणून त्यांनीही एक सेकंडहँड ऑटोमॅटिक बघून ठेवली आहे. त्यांना म्हटलं, रविवारी सकाळी सातला जाऊ, मालकाला आदल्या रात्रीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. मिस्तरीला धुळ्याहून बोलावलंय, त्याच्या जाण्यायेण्याचे आणि बघण्याचे पैसे वेगळे. मेव्हणे जरा कुरकुरले, पण हो म्हणालेत.