भंगारही नको, जुगाडही नको

जुनं यंत्र दिसलं की आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे, "जुनं झालंय, टाका भंगारात." दुसरं, "चालतंय ना? मग कशाला खोलायचं!" हॉस्टेलच्या पंख्याबाबत यातलं कुठलंही मत चालून जाईल. पण ज्या यंत्रातून माणूस पाण्याखाली श्वास घेतो, त्या स्कूबा रेग्युलेटरबाबत दोन्ही मतं चुकीची आहेत, असं मला ठामपणे वाटतं. आणि मालवण-तारकर्लीची ट्रिप काढणाऱ्या प्रत्येक बॅचचा या विषयाशी थेट संबंध आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. 1943 साली फ्रान्समध्ये एमिल गान्यां हा इंजिनिअर आणि जाक-इव्ह कुस्तो हा नौदल अधिकारी, या दोघांनी हे यंत्र घडवलं. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती. गाड्या गॅसवर चालाव्यात म्हणून गान्यांनी एक रेग्युलेटर केला होता, त्याच कल्पनेतून पाणबुड्याचा रेग्युलेटर आला. म्हणजे मेसमधल्या सिलेंडरवर बसतो त्याच्याच भाऊबंदांपैकी हा!

काम कसं चालतं बघा. पाठीवरच्या टाकीत हवेचा दाब सुमारे 200 बार. टाकीवर बसणारी फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9-10 बार जास्त, इतक्यावर आणते. तोंडात धरायची सेकंड स्टेज पुढचं काम करते आणि पाण्याच्या दाबाइतकीच हवा देते. 10 मीटरवर एकूण दाब 2 बार, 20 मीटरवर 3 बार. श्वास घेतला की डायफ्रॅम आत ओढला जातो, लिव्हर दबतो, व्हॉल्व्ह उघडतो. एवढंच!

आता मुद्द्याचं. यातलं झिजतं काय? बॉडी पितळेची, वर क्रोमचा मुलामा. डाईव्हनंतर गोड्या पाण्याने नीट धुतली तर ती कित्येक दशकं टिकते. झिजतात ते मऊ भाग: ओ-रिंग, व्हॉल्व्हच्या सीट, डायफ्रॅम आणि उच्छ्वास बाहेर सोडणारी रबरी झडप. दर श्वासाला सीट धातूच्या धारेवर आपटते, मग तिच्यावर हळूहळू खोल वळ उमटतो. गंमत म्हणजे यंत्र नुसतं कपाटात पडून राहिलं तरी रबर कडक होतं आणि दबलेल्या जागी दबलेलंच राहतं. म्हणून "फारसं वापरलंच नाही" ही काही तब्येतीची हमी नव्हे. आईचा कुकर वीस वर्षं चालतो, पण रिंग बदलून. हा हिशोब प्रत्येक घराला माहीत आहे!

मग जुना रेग्युलेटर चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून? वयावरून नाही, चकाकीवरून तर नाहीच. गेजवरून! दोन स्टेजच्या मधल्या दाबाला गेज लावा. श्वास घेतला की काटा खाली येतो, सोडला की वर जाऊन एका जागी थांबायला हवा. तो हळूहळू वर सरकतच राहिला, तर हाय-प्रेशर सीट गेली समजा. थोड्याच वेळात तोंडाकडून हवा सुसू करत सुटते. सेकंड स्टेजची रचनाच अशी असते, की सहसा बिघाड झाला तरी हवा बंद न होता वाहत सुटावी. डिझायनरने सुरक्षेचा विचार केलेला आहे. पण टाकी भराभर रिकामी होते, त्याचं काय? हवा आत घेणारा फिल्टरसुद्धा बोलतो. हिरवट दिसला तर आत ओल शिरलीय, तांबूस दिसला तर टाकीतला गंज येतोय.

इथे जुगाडवाले पुढे येतात. "त्याच मापाची ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते की!" माप एक असेलही, पण रबराचा प्रकार आणि कडकपणा? 200 बारखाली मऊ रिंग फटीत ढकलली जाते आणि कातरते. जुनी रिंग स्टीलच्या टोच्याने उपसली आणि खाचेवर ओरखडा पडला, तर नवी रिंगही गळणार. ओ-रिंगला क्षुल्लक समजणाऱ्यांनी 1986 मधलं चॅलेंजर यान आठवावं. थंडीने रबराची लवचिकता गेली आणि सात अंतराळवीर गेले.

दुसरीकडे कंपन्यांचंही सगळं बरोबर नाही. अनेक कंपन्या सुटे भाग आणि सर्व्हिस मॅन्युअल फक्त अधिकृत तंत्रज्ञालाच देतात. "जिवाशी खेळ आहे, कुणीही खोलू नये," हे त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. प्रशिक्षण सक्तीचं असावं, जरूर असावं. पण शिकलेल्या माणसापासून माहिती लपवून सुरक्षा कशी वाढते? उलट चोरून, अंदाजाने दुरुस्त्या होतात. 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे त्याचे प्राधान्याचे विषय. जीव सांभाळणाऱ्या उपकरणांचा विचारही त्याच दिशेने व्हायला हवा. आणि एखाद्या मॉडेलचे योग्य भाग मिळणंच बंद झालं असेल, तर तो रेग्युलेटर मानाने शोकेसमध्ये ठेवावा. पाण्यात नेऊ नये.

आपल्यापुरतं काय करता येईल? चार वर्षं आपण डिझाइन शिकतो, पण झिजलेली सीट आणि चांगली सीट शेजारी ठेवून भिंगातून कधी बघत नाही. वर्कशॉपच्या एका प्रॅक्टिकलला हे सहज बसेल. भिंग, गेज आणि दोन जुने व्हॉल्व्ह, खर्च तो किती! सरांनी मनावर घ्यावं, ही विनंती.

आणि मित्रांनो, मालवणला पाण्यात उतरण्याआधी न लाजता विचारा, "दादा, रेग्युलेटरची सर्व्हिसिंग कधी झाली?" पावसाळ्यात तिथलं पर्यटकांचं डायव्हिंग बंद असतं, म्हणजे या कामाला हक्काचे महिने मिळतात. नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने रागावणार नाही, उलट तारीख सांगेल. उत्तर टाळलं, तर किनाऱ्यावर बसून सोलकढी प्या. तीही काही वाईट नसते!