थकवा म्हणजे आळस नव्हे

आम्ही इतिहासाचे शिक्षक. स्मरणिकेसाठी आमच्याकडून शाळेच्या वाटचालीविषयी लेख अपेक्षित असेल. तरीही आम्ही स्नायूंविषयी लिहीत आहोत, आणि त्यामागे आमचीच एक जुनी चूक आहे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही अन्य एका निवासी शाळेत होतो. एका सोमवारी पहाटेच्या कवायतीत एक मुलगा पटांगणाच्या तिसऱ्या फेरीतच थांबला. आम्ही त्यास सर्वांसमक्ष 'आळशी' म्हटले आणि पन्नास उठाबशांची शिक्षा दिली. तिशी गाठण्यापूर्वीच त्याचे पाय लटपटले व तो मटकन खाली बसला. मागाहून कळले की, रविवारी तो ऊसतोडीच्या फडावर आईवडिलांना भेटावयास गेला होता. दिवसभर त्याने मोळ्या वाहिल्या, रात्री उशिरा परतला आणि उपाशीच झोपला. त्या दिवशी विज्ञानाच्या सहकारी शिक्षकाने आम्हांस शांतपणे एक धडा दिला. तो आम्ही आजवर विसरलो नाही.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असतात. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हे धागे स्वतः आखडत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे हे मांडले. मायोसिनची टोके ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. ओढण्याच्या प्रत्येक फेरीस एटीपी नावाच्या रेणूचे मोल द्यावे लागते. विशेष म्हणजे पकड सोडण्यासाठीही एटीपीच लागतो. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते याचमुळे: एटीपी संपतो आणि धरलेले धागे सुटत नाहीत. सैल होणे हीसुद्धा फुकट मिळणारी गोष्ट नव्हे.

हा एटीपी स्नायूत साठविलेला असतो तो जेमतेम दोन-तीन सेकंदांच्या जोरदार कामापुरता. तो संपू लागताच क्रिएटिन फॉस्फेट हे दुसरे द्रव्य तो भरून काढते. त्यावर आणखी सात-आठ सेकंद निभावतात. १९२७ साली हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत या द्रव्याचा शोध लावणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमवरमचे, म्हणजे आपल्याच देशाचे. काम करताना हे द्रव्य घटते आणि विश्रांतीत पुन्हा भरते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यापुढे स्नायू ग्लुकोज फोडतो. प्राणवायूशिवाय फोडल्यास एका ग्लुकोजपासून दोनच एटीपी मिळतात. पेशीतील तंतुकणिकांमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने फोडल्यास सुमारे तीस. म्हणून शंभर मीटरची शर्यत पहिल्या पद्धतींवर निभावते, परंतु पटांगणाच्या दहा फेऱ्या श्वासावर आणि रक्तावरच चालतात.

हे ग्लुकोज येते ते अन्नातून. प्रौढ माणसाच्या स्नायूंत सुमारे चारशे ग्रॅम आणि यकृतात सुमारे शंभर ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते. स्नायूंतील साठा श्रमाने रिता होतो, यकृतातील साठा रात्रभराच्या उपवासाने बराच उतरतो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. जे खात्यात नव्हतेच, ते आम्ही शिक्षेच्या धाकाने काढावयास निघालो होतो.

प्राणवायू पोहोचविणाऱ्या रक्ताचे तरी काय? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयोगटातील भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्ताल्पता आढळली. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूस मिळणारा प्राणवायू कमी. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, मैदानावर मागे पडते आणि आपण तिला 'नाजूक' ठरवून मोकळे होतो. वास्तविक तिला हवे असते ते लोह आणि पोटभर जेवण.

दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते 'लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे', असे आजही मैदानांवर सांगितले जाते. ते खरे नव्हे. व्यायामानंतर तासाभरात शरीर ते बहुतांशी निपटून टाकते. हृदय तर ते इंधन म्हणून वापरते. दुखणे असते ते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे, आणि त्या भरून निघण्यास वेळ लागतो. १९२२ चे नोबेल पारितोषिक ज्यांस मिळाले, त्या ए. व्ही. हिल यांनी स्नायूची उष्णता मोजून एक मोलाची गोष्ट सिद्ध केली होती: आकुंचन संपल्यानंतरही स्नायू बराच काळ उष्णता सोडत राहतो. म्हणजे काम थांबले तरी कामाची भरपाई चालूच असते. विश्रांती हा कामाचाच उत्तरार्ध होय.

येथे आमच्यातील इतिहासाचा शिक्षक बोलल्यावाचून राहत नाही. वतनाच्या नावाखाली ज्यांना दिवसरात्र केव्हाही कामास जुंपले जाई, त्या आपल्या पूर्वजांच्या स्नायूंचा हिशेब कोणी ठेवला नाही. उलट दमून बसले की त्यांनाच आळशी म्हटले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. स्नायूस विश्रांती लागते, हे सत्य तेथे कायद्याने मान्य केले. ज्या समाजाने हा हक्क झगडून मिळविला, त्याच्याच शाळेत थकलेल्या लेकरास आळशी म्हणणे आपणांस शोभत नाही.

कोणी म्हणेल, मग मुलांनी घाम गाळावयाचाच नाही काय? अवश्य गाळावा. नियमित व्यायामाने तंतुकणिका वाढतात, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, तोच मुलगा तीन फेऱ्यांऐवजी दहा फेऱ्या धावू लागतो. परंतु ही वाढ व्यायामानंतरच्या अन्नात आणि झोपेत घडते. व्यायाम आम्हांस हवाच आहे. व्यायामाची शिक्षा मात्र नको. जो मुलगा उठाबशांना दंड म्हणून ओळखतो, तो मोठेपणी व्यायामाकडे पाठ फिरवितो.

म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि संचालक मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी मांडतो. पहाटेच्या कवायतीपूर्वी प्रत्येक मुलामुलीच्या हाती एक केळे अथवा मूठभर शेंगदाणे-गूळ पडावा. वर्षातून दोनदा सर्वांचे हिमोग्लोबिन तपासले जावे. आणि शारीरिक श्रमाची शिक्षा शाळेच्या नियमांतून लेखी स्वरूपात बाद व्हावी. पहिल्या दोन गोष्टींस पैसा लागेल. माजी विद्यार्थ्यांच्या एकेका तुकडीने एकेका वर्षाचा भार उचलल्यास तो जड जाणार नाही. तिसरीस केवळ मन लागेल.

आळवी नगरातील कथा आपण जाणतो. हरवलेला बैल शोधून दमलेला शेतकरी उशिरा येऊन पोहोचला, तेव्हा भगवान बुद्धांनी आधी त्यास जेवू घालावयास सांगितले, आणि मगच उपदेशास आरंभ केला. त्या सोमवारी पहाटे आम्ही नेमके उलट केले होते. तो मुलगा आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या हाती ही स्मरणिका पडलीच, तर आमची क्षमायाचना त्याने येथेच स्वीकारावी.