हौशी हातांचे स्वावलंबन

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या संगणक प्रणालीचा नियमित आधार थांबवला. बातमी आली आणि गेली. परंतु मध्यमवर्गीय घरांत, शाळांत, वाचनालयांत आणि लहानमोठ्या पतसंस्थांत असे कितीतरी संगणक आहेत, ज्यांचे यंत्र ठणठणीत आहे. केवळ 'विंडोज ११'ने घातलेल्या अटींत ते बसत नाहीत, म्हणून त्यांना भंगारात काढण्याची भाषा सुरू झाली. वस्तुतः यावर उपाय आहे. लिनक्स ही मुक्त प्रणाली अशा जुन्या संगणकावरही सुखेनैव चालते. घोडे अडते ते दुसरीकडेच. घरचा हिशेब, वाचनालयाची नोंदवही, देवस्थानाच्या पावत्या यांसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेली आज्ञावली बहुधा फक्त विंडोजवर चालणारी असते. प्रणाली बदलायची तर आज्ञावली बदलावी लागते आणि आज्ञावली बदलायची तर जुन्या नोंदींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागते. परावलंबनाची गाठ बसते ती अशी, कोणाच्याही ध्यानात न येता.

ही गाठ सोडवण्याचे काम जगात एक मोठा, बव्हंशी बिनपगारी वर्ग करीत आला आहे. एकदाच लिहिलेली आज्ञावली विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर सारखीच चालावी, यासाठी नोकरी-व्यवसाय सांभाळून रात्री जागवणारे हे हौशी लोक आहेत. 'हौशी' या शब्दाला मराठीत थोडा हलकेपणाचा वास आहे. हौशी रंगभूमीने तो पुष्कळसा धुऊन काढला, संगणकाच्या क्षेत्रात मात्र तो अजून तसाच आहे. म्हणून या मंडळींचे एक उदाहरण तपशिलाने पाहणे योग्य ठरेल.

झुरिकचे प्राध्यापक निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल ही संगणकभाषा सिद्ध केली. तिचा प्रसार केला तो बोरलँड या अमेरिकन कंपनीच्या 'टर्बो पास्कल'ने. १९८३ मध्ये आलेली ही आज्ञावली स्वस्त होती आणि वेगवान होती. नव्वदच्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या अनेकांना तिचा तो निळा पडदा आजही आठवत असेल. पुढे कंपनीने जुन्या डॉस प्रणालीसाठीचे काम थांबवून केवळ विंडोजचा मार्ग धरला. कंपनीच्या दृष्टीने तो व्यवहार होता. फ्लोरियान क्लेंफ्ल या जर्मन विद्यार्थ्याने मात्र १९९३ मध्ये स्वतःचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, लिहावयास घेतली. तीच आजची 'फ्री पास्कल'. १९९९ मध्ये काही जणांनी तिच्या आधारे, खिडक्या, बटणे आणि तक्ते असलेल्या आज्ञावली तयार करण्याचे साधन हाती घेतले. त्याआधीचा 'मेगिडो' नावाचा असाच एक प्रयत्न कोसळला होता. त्याच्या राखेतून हा उभा राहिला, म्हणून त्याचे नाव ठेवले 'लाझारस'. नाव बायबलातले आहे, मृत्यूनंतर पुन्हा उठलेल्या मनुष्याचे. गुण घेताना नावाकडे पाहण्याचे कारण नाही.

याच सुमारास, २००१ मध्ये, बोरलँडनेही लिनक्ससाठी 'कायलिक्स' नावाचे उत्पादन मोठ्या थाटात बाजारात आणले. २००२ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि त्यानंतर कंपनीने ते वाऱ्यावर सोडले. ज्यांनी पैसे मोजून त्यावर भिस्त ठेवली, त्यांचे श्रम वाया गेले. लाझारसची पहिली पूर्ण आवृत्ती निघावयास २०१२ साल उजाडले. तेरा वर्षे! कोणत्याही व्यापारी कंपनीच्या संचालक मंडळाने हा प्रकल्प तिसऱ्याच वर्षी गुंडाळला असता. आज कायलिक्स कोणाच्या स्मरणात नाही आणि लाझारस जिवंत आहे.

ही तेरा वर्षे कशात गेली, हे समजून घेतल्याखेरीज या कामाचे मोल कळणार नाही. अडचणी वरवर पाहता क्षुल्लक असतात. विंडोजमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना रेघ एका बाजूला कललेली असते, लिनक्समध्ये दुसऱ्या बाजूला. विंडोजला 'गणपती' या नावातील रोमन अक्षर मोठे की लहान याची फिकीर नसते. लिनक्सला असते, त्यामुळे घरी विंडोजवर नीट दिसणारे चित्र मित्राच्या लिनक्सवर दिसतच नाही. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. तिथे साठवलेला 'साडेतीन' हा आकडा भारतातील संगणकावर उघडला की पस्तीस होण्याचा धोका असतो. ओळ संपली, ही गोष्ट विंडोज दोन चिन्हांनी सांगते आणि लिनक्स एका. या शेवटच्या भेदाचे मूळ जुन्या टंकमुद्रकात आहे: एक आज्ञा गाडी मागे नेण्याची, दुसरी कागद वर सरकवण्याची. विंडोजच्या साध्या 'नोटपॅड'ला लिनक्सची ओळ ओळखता येऊ लागली ती २०१८ मध्ये. हौशी लोकांच्या लहानशा संपादकांना ती कितीतरी आधीपासून येत होती, कारण त्यांची लिखिते एका घरातून दुसऱ्या घरात, एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत सतत ये-जा करीत होती.

याहून बिकट प्रश्न म्हणजे पायाखालची जमीनच सरकण्याचा. लाझारसने तयार केलेली आज्ञावली प्रत्येक प्रणालीचीच बटणे व खिडक्या वापरते, त्यामुळे ती परकी वाटत नाही. पण ॲपलने २०१९ मध्ये ३२-बिट आज्ञावलींचा आधार काढून घेतला आणि त्यासोबत 'कार्बन' ही जुनी रचना संपली. मॅकसाठीचे सारे काम 'कोको' या नव्या रचनेवर आणणे अपरिहार्य झाले. लिनक्सवरील 'जीटीके'च्या दुसऱ्या पिढीचा आधार २०२० मध्ये संपला. दर वेळी कोणीतरी बसून बटणामागून बटण, तक्त्यामागून तक्ता नव्या घरात हलवला. यासाठी कोणी पगार दिला नाही, सत्कारही झाले नाहीत.

या मंडळींची कामाची रीत विशेष पाहण्यासारखी आहे. 'चालत नाही' एवढ्या तक्रारीला तेथे किंमत नसते. प्रणाली कोणती, तिची आवृत्ती कोणती, कोणत्या कृतीनंतर बिघाड दिसतो, हे आधी सांगावे लागते. त्यानंतर आपली हजारो ओळींची आज्ञावली छाटत छाटत वीस-पंचवीस ओळींवर आणायची; इतकी लहान की बिघाड तर दिसावा, पण बाकी काहीही उरू नये. गंमत अशी की छाटणी करतानाच पुष्कळदा स्वतःची चूक स्वतःला सापडते. न सापडल्यास ते वीस ओळींचे उदाहरण दुसरा कोणी दुसऱ्या प्रणालीवर चालवून पाहतो. दुरुस्ती सापडली की ती स्वतःच्या आज्ञावलीपुरती न ठेवता सर्वांच्या सामायिक संग्रहात घालावयाची, म्हणजे त्याच खड्ड्यात दुसऱ्याचा पाय पडणार नाही. पुराव्याशिवाय आरोप नाही, आणि उपाय सापडला तर तो सर्वांचा. सार्वजनिक कामात वर्षे घालवलेल्या कार्यकर्त्यालाही ही शिस्त ओळखीची वाटेल.

यातून काय निपजले? स्वित्झर्लंडमधील पॅट्रिक शेव्हाले या हौशी खगोलनिरीक्षकाची 'कार्त द्यु सिएल' ही आकाशाचे नकाशे काढणारी आज्ञावली पूर्वी विंडोजपुरती होती. लाझारसच्या आधारे ती तिन्ही प्रणालींवर आली. फाइली लहान करून साठवणारी 'पीझिप' ही याच साधनाने बनलेली. दोन्ही विनामूल्य आहेत. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या शाळेला आकाशदर्शनाचा कार्यक्रम करावयाचा असेल, तर जुन्या संगणकावर लिनक्स घालून आकाशाचा नकाशा उघडता येतो, आणि त्यात कुठलीही चोरी नसते.

चोरीचा उल्लेख मुद्दाम केला. स्वदेशीवर तळमळीने बोलणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांतही परदेशी आज्ञावलींच्या चोरीच्या प्रती वर्षानुवर्षे निर्धास्तपणे चालल्या. शीतपेय विकत घेताना जी सावधगिरी बाळगली गेली, ती संगणकापुढे बसताना कुठे जात होती? परक्याची वस्तू पैसे न देता वापरली म्हणून ती स्वदेशी होत नाही. उलट तिची सवय अधिक घट्ट होते.

या सवयीची किंमत काय असू शकते, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. रशियन भांडवल असलेल्या नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले आणि त्यामागोमाग मायक्रोसॉफ्टने तिच्या संगणकीय सेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. भारतभूमीवर चालणाऱ्या उद्योगाचा पत्रव्यवहार दूरच्या कोणाच्या निर्णयाने थांबू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. मोठी कंपनी न्यायालयात जाऊ शकते. तालुक्याच्या गावच्या वाचनालयाने कोठे जावे?

हौशी कामाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. अशा अनेक आज्ञावली दिसायला ओबडधोबड असतात, त्यांची माहितीपुस्तिका अपुरी असते, आणि निर्माता थकला की त्या जागच्या जागी थिजतात. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले 'एक्सझेड'चे प्रकरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या या लहानशा साधनाचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतीच्या मिषाने कोणीतरी दोन-अडीच वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब खटकला, त्याने माग काढला, म्हणून अनर्थ टळला. या घटनेवरून मुक्त आज्ञावलींना नावे ठेवणारे ठेवतात. परंतु तेथे एकाऐवजी पाच माणसे असती तर ही वेळ आली नसती, आणि ती पाच माणसे आपल्याकडून का गेली नाहीत, हा प्रश्न अधिक उचित आहे. लाखो संगणक-अभियंते असलेला हा देश जगाच्या कंपन्यांसाठी दिवसरात्र आज्ञावली लिहितो. सामायिक भांडारात त्याने घातलेली भर त्या मानाने तोकडी आहे. घरातला मुलगा रात्री उशिरापर्यंत संगणकावर विनामोबदला काही खटपट करीत बसला, तर 'याचे पैसे किती मिळणार?' हा पहिला प्रश्न त्याला ऐकावा लागतो. तोच मुलगा ढोल-ताशा पथकात किंवा गडसंवर्धनात गेला तर कौतुक होते. व्हायलाच हवे. मग हे वेगळे का?

शिवाय काही प्रश्न असे आहेत, जे आपल्यावाचून कोणी सोडवणार नाही. 'महाराष्ट्र' हा शब्द मराठी माणसाच्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याची दहा चिन्हे होतात आणि लिनक्सच्या प्रचलित पद्धतीने साठवताना तीस बाइट. रोमन लिपीत वाढलेल्या प्रोग्रॅमरने 'नावासाठी वीस जागा' ठेवल्या की महाराष्ट्राचे दोन तुकडे झालेच म्हणून समजा! 'दऱ्या' या शब्दातील र्‍याचे तर दोन प्रकार आहेत: एक नुक्त्याच्या ऱ-पासून बनवलेला, दुसरा साध्या र-ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घातलेला. त्यातही मॅकची जुनी फाइल-व्यवस्था नावातील नुक्त्याच्या ऱ-चे र आणि नुक्ता असे दोन भाग करून ठेवत असे. पडद्यावर तिन्ही सारखे. यंत्राच्या लेखी ते तीन निरनिराळे शब्द. वाचनालयात 'दऱ्याखोऱ्यातून' शोधावे आणि पुस्तक कपाटात असूनही संगणकाने 'नाही' म्हणावे, याचे रहस्य येथे आहे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालवली, ती याच चिंतेपोटी. मुद्रणाच्या आणि टंकलेखनाच्या यंत्रांना नागरीचे शेकडो खिळे पेलत नव्हते. यंत्रयुगात आपली लिपी मागे पडू नये म्हणून त्यांनी 'अ'चीच बाराखडी सुचवली आणि स्वतः आग्रहाने वापरली. त्या काळी यंत्र वाकत नव्हते, म्हणून लिपीने वाकावे असा तो व्यवहारी विचार होता. आज यंत्र वाकवता येते. जोडाक्षरे नीट जुळवून पडद्यावर दाखवणारे 'हार्फबझ' हे मुक्त साधन लिब्रेऑफिसपासून अँड्रॉइडपर्यंत सर्वत्र बसले आहे आणि त्याचे नाव फारसी आहे, कारण ते घडवण्यात पुढाकार घेणारा बेहदाद एस्फाहबोद मूळचा इराणी. ज्याच्या लिपीला चटका बसला, तो कामाला लागला.

मराठीचे चटके अजून बाकी आहेत. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह-नंतर येतात. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल-ला चिकटून बसला आहे, क्ष क-खाली आणि ज्ञ ज-खाली जातो. आज्ञावलीने केवळ क्रमांक पाहून यादी लावली, आणि पुष्कळ साध्या आज्ञावली तेवढेच करतात, तर 'ज्ञानेश्वरी' वाचनालयाच्या सूचीत ज-च्या पानावर शोधावी लागते. मराठीचा क्रम सांगणारी तुलना लिहून, ती विंडोज, लिनक्स आणि मॅकवर तपासून सामायिक संग्रहाकडे पाठवावयास कोणाची परवानगी लागत नाही. त्यासाठी पास्कल जाणणारा एखादा विद्यार्थी, दोन जुने संगणक, मॅक असलेला एखादा मित्र आणि दिवाळीची सुट्टी एवढे पुरेल.